मदत हवी आहे: 'तोंड का काळवंडलं?' याला उत्तर काय लिहू?

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार भागातल्या मराठी घरांसाठी कुष्ठरोगावर एकपानी पत्रक करतोय. अडलंय एकाच जागी. जास्त जंतू असलेल्या प्रकारात गोळ्या 12 महिने चालतात. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, चट्टे तर जास्तच. शेजारीपाजारी विचारू लागले की माणूस गोळ्याच सोडतो! खरं तर औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच जाते. काळेपणा कोर्सनंतर काही महिन्यांत ओसरतो. ताट-पेला वेगळा करायचं कारणच नाही. लाजेपोटी बधिर तळव्याचा चटकाही दाखवत नाहीत, जखम चिघळते. 2019 पासून कुष्ठरोग घटस्फोटाचं कारण राहिलेला नाही, तेही टाकू का? खोटं न बोलता, 'महारोग' शब्द टाळून, विचारणाऱ्याला देता येईल असं एखादं साधं वाक्य सुचवाल का?