शेवाळावर गाडी चढेना, पिवळा दिवा लुकलुकतो. सेन्सर गेला का?

वाळपईवालो:
रस्त्यापासून आमच्या अंगणापर्यंत जांभ्या दगडाचा चढ आहे, पाऊस लागला की नुसतं हिरवं शेवाळ. नवीन गाडी अर्ध्यात येते, डावं चाक गरगरतं, डॅशबोर्डवर नागमोडी रेघांचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि मग ॲक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन ढिम्म. २००९ ची जुनी गाडी गरगरत का होईना पण चढायची! गॅरेजवाला म्हणतो सेन्सर बदला. काय करू?

घाटातला:
थांब बाबा, पैसे घालवू नको. सेन्सर गेला असता तर दिवा कायम पेटून राहिला असता, लुकलुकतोय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, काम करतंय. प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, स्पीड सेन्सर असतो (एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचंच आहे), त्याच सेन्सरवरून कॉम्प्युटरला कळतं की पुढचं एक चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय, म्हणजे घसरतंय. मग तो इंजिनाची ताकद कमी करतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्या एकाच चाकाला ब्रेकही लावतो. ब्रेक कशाला, तर साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गियरचा संच) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, डाव्याला पकड नाही म्हणून उजव्यालाही काही मिळत नाही. डाव्याला अडवलं की उजव्याकडे जोर जातो. तुझ्याकडे दोन्ही चाकं शेवाळावर, मग तो तरी कुठे जोर देणार, नुसतं इंजिन दाबत बसतो.

मांडवीकाठचो:
बरोबर. चिखल, वाळू, शेवाळ असलं की ट्रॅक्शन कंट्रोल बटण दाबून बंद कर, काही गाड्यांत थोडा वेळ दाबून धरावं लागतं. दुसऱ्या गियरमध्ये हळू चढव, पहिल्यात चाक जास्त गरगरतं. वर पोचलास की परत चालू कर, चोर्ल्याच्या घाटात पावसात बंद ठेवून गेलास तर शिव्या घालीन. आणि टायर बघ रे आधी, गुळगुळीत टायरला कुठलं बटण वाचवत नाही.

वाळपईवालो:
बटण बंद करून चढली! फक्त चाकाखालचा एक खडा उडून तुळशीवृंदावनावर बसला, आई बोलत नाहीये. उद्या ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळच घासतो.