यादृच्छिक म्हणजे ‘कुणीही चालेल’ का?

राज्यशास्त्राला संशोधनपद्धतीचा पेपर आहे. पुस्तकात ‘यादृच्छिक नमुना’, सरांच्या टिपणांत ‘यदृच्छ नमुना’. दोन्ही एकच ना? आणि कॉलेजच्या आवारात भेटतील त्या ५० जणांकडून मतदानाबद्दलची प्रश्नावली भरून घेतली, तर तो नमुना यादृच्छिक होतो का?

— एकच. ‘यदृच्छा’पासून यादृच्छिक. मूळ अर्थ योगायोग, आपसूक घडणे. गीतेतले ‘यदृच्छालाभसन्तुष्टः’ आठवा: आपोआप मिळेल त्यात समाधानी. मराठीत मात्र ‘मनाला येईल तसे’ हाही अर्थ त्याला चिकटला आणि घोळ तिथेच आहे. तुमचे ५० जण म्हणजे सोयीचा नमुना: हाताशी सापडले तेच घेतलेले.

— भेटेल त्याला विचारले, यात माझी मर्जी कुठे आली? योगायोगच की!

— मर्जी नकळत येते. घाईत नसलेला, बोलका दिसणारा माणूस आपण आधी गाठतो. जो त्या वेळी आवारात नाही, त्याची तर निवड होणेच शक्य नाही. यादृच्छिक नमुन्यात प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी असते आणि ती किती, हे आधीच सांगता येते. म्हणून आधी पूर्ण यादी हवी, मग कुणाला निवडायचे हे ठरवायला संगणकाने किंवा यादृच्छिक अंकांच्या छापील तक्त्यातून काढलेले आकडे. हजार जणांच्या अशा नमुन्यावरून आलेला आकडा खऱ्या आकड्याच्या ‘साधारण ३ टक्के इकडेतिकडे’ असेल, असे म्हणता येते. सोयीच्या नमुन्याला ते गणित लागूच होत नाही, मग तो कितीही मोठा असो. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी कौल घ्यायला ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असे छापले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावे बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतली, म्हणजे खात्यापित्या घरांतली. त्यांतही उत्तर ज्याने त्याने आपल्या मर्जीने पाठवलेले.

— मग सरळ ‘सोडत नमुना’ का म्हणू नये? सोडत म्हटले की कुणाची मर्जी चालत नाही, हे पोरासोरांनाही कळते.

— वर्गात जरूर म्हणा, मला आवडला. यादीतले दर विसावे नाव घ्यायचे असेल, तर ‘पहिला आकडा सोडतीने काढा’ हेही छान बसते. पेपरात मात्र यादृच्छिकच लिहा. पुढे ‘यादृच्छिक त्रुटी’, म्हणजे योगायोगाने इकडेतिकडे होणारी चूक, येते, तिथे सोडत अडते. चुकांची सोडत कोण काढणार?