जुनं कर्वेनगर की नवी वाघोली?

धायरीचा_भाडेकरू:
सहा वर्षं पुण्यात धायरीला भाड्याने राहतोय. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, म्हणजे आमचा बाडबिस्तारा गुंडाळायची वेळ आली. दोन घरं पाहिलीत. कर्वेनगरला १९९६ ची इमारत, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ६० लाख. तेवढ्याच पैशांत वाघोलीला टू बीएचके, पण काम चालू आहे, ताबा दोन वर्षांनी. बायकोचं ऑफिस कोथरूडला. आई म्हणते, लोकांनी वापरलेलं घर कशाला? काय करू?

फ्लॅट_नं_१२:
नवंच घ्या. जुन्या इमारतीवर कर्ज देताना बँक सतरा प्रश्न विचारते.

नळाला_पाणी:
विचारू देत की! बँकेने विचारले म्हणूनच माझे २०१९ मध्ये पैसे वाचले. पहिल्या फ्लॅटच्या आधीच्या खरेदी-विक्रीच्या साखळीतला मधला एक करारनामा गायब होता आणि एजंट म्हणत होता, "काही होत नाही हो." सोडला तो. नंतर घेतला तोही जुनाच.

तुमचा हिशेब करा. चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६० लाखांवर ३ लाख. जुन्याला तो नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहेच. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सवलत, म्हणजे ६० हजार. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडंही भरायचं आणि कर्जाचं व्याजही. माझ्या मेव्हण्याने हे दोन्ही साडेतीन वर्षं भरलं. ताबा मिळाला तेव्हा पोरगी बालवाडीतून दुसरीत गेली होती. आणि आता रोज टँकर.

कर्वेनगरला मात्र डोळे उघडे ठेवा. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) बघाच. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का, हे सेक्रेटरींना तोंडावर विचारा. नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्याच नावावर, आणि उद्या पुनर्विकासाच्या वेळी तोच आडवा येतो. इमारत तिशीला आलीय, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. फ्लॅट तुमच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. "डोनेशन" म्हणून वर कुणी मागितलं तर पावती मागा, आवाज खाली येतो.

आणि घर बघायला भर पावसात जा. रंग ओल झाकतो, पाऊस नाही.

सुमाकाकू:
तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आईंचे गुडघे? ते कुणीच विचारलं नाही. भोगवटा मिळालेला, न विकला गेलेला नवा फ्लॅटही शोधा. त्याला जीएसटी नाही, आणि नळ सोडून बघता येतो.

धायरीचा_भाडेकरू:
काकू, आईला आजच विचारलं. म्हणाली, "जिना चढेन, पण टँकरची वाट बघणार नाही." रविवारी सेक्रेटरींना भेटतोय. पाऊस असला तर बरं.