६४१ शोधायला नशीब लागत नाही

४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. कोणीतरी लिहिलंय की ही संख्या ६४१ ने भागली जाते हे गणितज्ञ ऑयलरला १७३२ मध्ये नशिबाने सापडलं असणार. मला हे अजिबात पटत नाही.

२ चे १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की येतात त्या फर्मा-संख्या. त्यांतल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या पाहून पुढच्याही सगळ्या तशाच असतील असं गणितज्ञ फर्माला वाटलं होतं. पण या पाचव्या फर्मा-संख्येला (मोजणी शून्यापासून) मूळ विभाजक असलाच, तर तो १२८ च्या पटीत १ मिळवून आलेला असावा लागतो. ही इतकी कडक अट ऑयलरची नाही, नंतर ल्यूकास या गणितज्ञाने दिली. ऑयलरची अट ६४ च्या पटीची होती, म्हणजे तपासायच्या संख्या थोड्या जास्त, पण तरीही मोजक्याच. आता ल्यूकासच्या अटीने १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ बघा. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. त्यातली २५७ स्वतःच फर्मा-संख्या, आणि दोन फर्मा-संख्यांना सामाईक विभाजक नसतो. म्हणजे पहिलाच खरा प्रयत्न ६४१!

भागाकार न करताही हे दिसतं, आणि मला तेच सगळ्यात सुंदर वाटतं. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात घ्या (१२८ म्हणजे २ चा सातवा घात): ६२५ × २ चा २८वा घात, बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालतं. १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून −१६ × २ चा २८वा घात म्हणजे उणे २ चा ३२वा घात, आणि त्याची बाकी १; तेव्हा २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तोही मूळच आहे.