मळ्यावर राखणीला डॉबरमन घ्यावा की रॉटवायलर? लवकर सांगा

कांदेवाला_जुन्नर
नमस्कार मंडळी. विहिरीवरच्या मोटारीची केबल परत चोरीला गेली. आता मळ्यावर कुत्रं ठेवायचंच असं ठरवलंय. ओळखीच्या एकाकडे डॉबरमन आणि रॉटवायलर, दोन्हींची पिल्लं आहेत. रविवारपर्यंत कळवायचंय, नाहीतर तो दुसऱ्याला देणार. यातलं जास्त राखणदार कोणतं? फाटे न फोडता फक्त नाव सांगा.

निमिष_के
जर्मन शेफर्ड. डोळे झाकून. आमच्याकडे आहे, अनोळखी माणसाला फाटकाला हात लावू देत नाही.

कांदेवाला_जुन्नर
भाऊ, शेफर्ड विचारलाच नाही.

गोठ्याचा_डॉक्टर
नाव सांगतो, पण आधी थोडी माहिती द्या. मळ्यावर रात्री कोण असतं? कुत्रं मोकळं राहणार की साखळीला? घरात लहान मुलं आहेत का? जनावरं किती? आणि पिल्लं केवढी आहेत?

कांदेवाला_जुन्नर
आई-वडील असतात. मी चाकणला नोकरीला, शनिवार-रविवार जातो. बांधूनच ठेवणार, मोकळं सोडलं तर शेजाऱ्यांच्या कोंबड्या राहायच्या नाहीत. दोन गाई, काही शेळ्या. पिल्लं महिन्याची आहेत. झालं? आता नाव सांगा.

गोठ्याचा_डॉक्टर
महिन्याचं पिल्लू आईपासून तोडू नका. निदान आठ आठवडे तिच्याजवळ राहू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसरा महिना संपेपर्यंत जे बघतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटतं. त्या काळात ते साखळीला असलं तर मोठेपणी प्रत्येक नव्या माणसाला घाबरेल आणि घाबरूनच चावेल. लोकांना ती राखण वाटते.

जतकर
परदेशी जात कशाला? आपलं कारवान घ्या, म्हणजेच मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली जात. लष्करानेसुद्धा मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन तयार केली. ऊन सोसतं, खायला कमी लागतं, दिसायला तर राजबिंडं.

गावठीच_भारी
जतकर, कारवान देखणं आहे, मान्य. पण ती नजरेने शिकार धरणारी जात. लांबवर काही पळताना दिसलं की सुटलीच मागे. चोर काय ससा आहे? तो शांतपणे विहिरीवर बसून केबल कापेल आणि तुमचं कारवान तोवर पलीकडच्या शिवारात.

जतकर
आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर तेच राखतात. तुम्ही पाळलंय का कधी?

गावठीच_भारी
पाळलंय म्हणूनच बोलतोय.

निमिष_के
दोघांनी ऐका. शेफर्ड हा मूळचा मेंढपाळाचाच कुत्रा. जर्मनीत १८९९ साली मॅक्स फॉन स्टेफानिट्झने त्याची जात पक्की केली. राखण रक्तातच आहे.

गोठ्याचा_डॉक्टर
निमिष, मेंढपाळाचा कुत्रा दोन प्रकारचा असतो. शेफर्डचं काम कळपाच्या कडेने फिरून मेंढ्या पिकात घुसू न देणं, तेही मालकाच्या इशाऱ्यावर. लांडग्यापासून कळप राखणारे कुत्रे वेगळे: तुर्कस्तानचा कंगाल, इटलीचा मरेम्मा, आपल्या हिमाचलातला गद्दी. ते पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढवतात, मालक जवळ नसला तरी कळप सोडत नाहीत, भुंकत मध्ये उभे राहतात. डॉबरमन तिसऱ्याच तऱ्हेचा. जर्मनीतल्या आपोल्डा गावातल्या लुई डॉबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्याने तो स्वतःसोबत फिरायला म्हणून तयार केला. तो माणूस राखतो, रान नाही. रॉटवायलर हाही जर्मनीतलाच, रॉटवाइल गावाकडचा, गुरं हाकायचा, खाटकांच्या गाड्या ओढायचा. या दोन्ही जातींना रोज हाताळणारा एक धनी लागतो. इथे धनी पाच दिवस चाकणला आणि कुत्रं साखळीला. सत्तरीतल्या आईला पन्नास किलोचा रॉटवायलर आवरेल का?

कांदेवाला_जुन्नर
आई सत्तरीची नाही, साठीची आहे.

रेवा_कोथरूड
आमच्या लॅब्रॅडॉरला चिकनची ॲलर्जी निघाली, आता भात आणि अंडं देतो. तुम्हीही सुरुवातीपासून चिकन कमीच ठेवा. आणि फ्लॅटमध्ये नखं वेळेवर कापा, फरशीवर पाय घसरतात.

कांदेवाला_जुन्नर
ताई, मळ्यावर फरशी नाही.

वकील_नाना
रॉटवायलरबद्दल एक. केंद्राने १२ मार्च २०२४ ला २३ जातींच्या पैदाशीवर बंदीचं पत्रक काढलं होतं, त्यात रॉटवायलर होता, डॉबरमन आणि शेफर्ड नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकलंच नव्हतं. पण बंदी नसली म्हणून जबाबदारी सुटत नाही. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोर की पोस्टमन, हे कुत्र्याला कळत नाही.

गावठीच_भारी
चोरट्याला चावलं म्हणून मालकाला दंड. वा रे न्याय.

वकील_नाना
मी पोस्टमन म्हणालो.

माळशेज
एक विचारू? जुन्नर तालुका, मळा, रात्री साखळीला कुत्रं. बिबट्या नाही का तुमच्याकडे?

कांदेवाला_जुन्नर
आहे की. त्यात सांगण्यासारखं काय? आजूबाजूला सगळा ऊसच आहे. आधीचं कुत्रं त्यानेच नेलं. म्हणून तर या वेळी मोठ्या जातीचं म्हणतोय.

गोठ्याचा_डॉक्टर
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं!

माळशेज
साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासमोर वाढलेलं ताट. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली होती. त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के पाळीव आणि भटकी कुत्रीच निघाली. शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी. डॉबरमन असो की रॉटवायलर, त्याला जातीशी देणंघेणं नाही. दबा धरून मागून येतो आणि गळा पकडतो, कुत्र्याला शौर्य दाखवायला वेळच मिळत नाही.

निमिष_के
शेफर्डचं नाक आणि कान तिखट असतात. त्याला आधी कळेल.

माळशेज
कळून साखळी तोडणार का?

मेलबर्नचा_बंड्या
मरेम्माचा उल्लेख आला म्हणून. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात वॉर्नांबूलजवळ मिडल आयलंड आहे. तिथल्या छोट्या पेंग्विनना कोल्हे मारायचे, म्हणून २००६ पासून मरेम्मा कुत्रे राखणीला ठेवले. कोंबड्या राखणाऱ्या शेतकऱ्याची कल्पना! तुम्हीपण मरेम्मा मागवा.

गावठीच_भारी
बंड्याभाऊ, कोल्हा आणि बिबट्या यात थोडा फरक आहे. शिवाय मे महिन्यात त्या पांढऱ्या लोकरीचं जुन्नरला काय होईल?

मेलबर्नचा_बंड्या
ऑस्ट्रेलियातपण ऊन असतं हो.

जतकर
हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, बिबट्याला गळा धरता येऊ नये म्हणून. तसा पट्टा घालून कारवान...

गावठीच_भारी
झालं, परत कारवान.

गोठ्याचा_डॉक्टर
पट्ट्याने जीव वाचू शकतो, पण ती कुत्री मोकळी आणि जोडीने असतात, शेजारी मेंढपाळ झोपलेला असतो. ते नसेल तर पट्ट्याच्या भरवशावर राहू नका. कांदेवाले, एक राहिलं. कुत्र्याने नेमकं करायचं काय? भुंकून उठवायचं की चोराला धरायचं?

कांदेवाला_जुन्नर
खरं सांगायचं तर दोन्ही नाही. लाईट रात्रीची असते. वडील बॅटरी घेऊन एकटेच मोटार चालू करायला जातात. त्यांच्या सोबत चालेल असं कुत्रं पाहिजे. ऐकू कमी येतं त्यांना. केबलचं काय, आज ना उद्या परत घेता येईल.

माळशेज
मग प्रश्नच बदलला. उसाच्या कडेने कुत्रं पुढे घालून चालणं मला धोक्याचं वाटतं. कुत्रं बिबट्याला बुजलं की पळत मालकाकडेच येतं, आणि मागोमाग तो. त्यापेक्षा काठीला घुंगरू बांधा, मोठ्याने गाणी लावलेला मोबाईल खिशात ठेवा. घरापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंचा ऊस थोडा मागे घ्या. आणि मोटारीला मोबाईलवरून चालू करायचा स्टार्टर बसवा, घरबसल्या काम होतं.

कांदेवाला_जुन्नर
स्टार्टर होता. केबलसोबत तोही नेला.

वकील_नाना
तक्रार दिली का?

कांदेवाला_जुन्नर
दिलीय. तो वेगळा धागा होईल.

गोठ्याचा_डॉक्टर
माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रविवारी पिल्लू उचलू नका. आधी गोठ्याला लागून कुत्र्यासाठी वरून बंद, जाड जाळीचा पिंजरा करा. बिबट्या भिंत चढतो, त्यामुळे नुसतं कुंपण पुरत नाही. शेळ्याही रात्री तशाच बंदिस्त. कुत्रं संध्याकाळी आत, दिवसा मोकळं. आतूनही ते भुंकणार, आणि तुम्हाला हवी ती वर्दी मिळणार. त्यासाठी मोठी जात लागत नाही, सावध कुत्रं लागतं. भुंकण्यात गावठी कोणाला हार जात नाही.

गावठीच_भारी
हेच मी पहिल्यापासून सांगतोय!

निमिष_के
तुम्ही पहिल्यापासून फक्त कारवानला नावं ठेवताय.

कांदेवाला_जुन्नर
डॉक्टर, पिंजऱ्याचा भाव उद्या आळेफाट्याला विचारतो. पिल्लांना नाही म्हणून कळवलं, तो रागावलाय. आताच वडिलांना फोन केला, तर ते म्हणतात, वस्तीवर एक गावठी कुत्री रोज येते, आई तिला भाकरी घालते, रात्री ओट्यावरच असते, कोणी आलं की भुंकून शिवार उठवते. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

गोठ्याचा_डॉक्टर
मग पिंजरा तिच्यासाठीच करा, ओट्यावर किती दिवस वाचेल? तिला रेबीजची लस दिलीय का?

कांदेवाला_जुन्नर
माहीत नाही. विचारतो.

रेवा_कोथरूड
तिची नखं कापता का?