मालवण ते वेंगुर्ला: शेवंड (लॉबस्टर) वाजवी दरात कुठे मिळेल?

प्रश्न: दिवाळीनंतर चौघे येतोय. मेनूकार्डावर शेवंडीपुढे नुसतं ‘एपीएस’ असतं. फसगत कशी टाळायची?

दांडीकर: एपीएस म्हणजे आकारानुसार दर, तेव्हा आधी ‘किलोला किती, आणि बनवणावळ धरून का?’ हे विचारा. वजन कच्च्याचं, तुमच्यासमोर. आपल्याकडच्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, मांस जवळपास सगळं शेपटीत. किलोभर शेवंडीतून खाण्याजोगं तिसरा हिस्साच निघतो. चौघांना अर्ध्या किलोच्या दोन चवीपुरत्या घ्या, पोट थाळीनं भरा.

सुंगटाप्रेमी: जिवंत आहे का ते बघाच. पाठीला धरून उचलली की शेपूट पोटाखाली फटकन मुडपते. मेलेली लोंबते, शिजल्यावर मांस पिठूळ लागतं. पोटाखाली अंडी असतील तर घेऊ नका. आणि मसाल्यात बुडवू नका हो! उभी चिरून लोणी-लसूण लावून भाजायला सांगा. मांस पांढरं झालं की उतरवायची, नाहीतर रबर.

वेंगुर्लेकर: समुद्राकाठच्या रिसॉर्टपेक्षा मालवण बाजारातल्या खानावळी स्वस्त. तारकर्ली-देवबागात घरगुती न्याहारी-निवासवाल्यांना आदल्या दिवशी सांगितलं, तर ते लिलावातून आणून देतात. सुरमई थाळीत मधली तुकडी मागा, शेपटाकडची पातळ नि कोरडी होते.

दांडीकर: जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हाची शेवंड बहुतेक बर्फातली. त्या दिवसांत तिसऱ्या (शिंपल्या), खाडीतली कुर्ली (खेकडा) बरी.