गोवा, नेहरू आणि आपल्या घरातला हिशेब : तुमचेही अनुभव लिहा

रविवारपेठ
परवा चुलत भावाच्या साखरपुड्यात जेवणं उरकल्यावर वाद पेटला. एकाचं म्हणणं, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यासाठी नेहरूंनी १९४७ ते ६१ अशी चौदा वर्षं वाया घालवली. दुसऱ्याचं म्हणणं, जगाला शांततेचं सांगणाऱ्या माणसानं आल्याआल्या फौज घातली असती तर आपलं कुणी ऐकलं असतं का? दोघेही तिशीतले, तावातावानं बोलत होते. मी घरी आलो आणि माळ्यावरची आजोबांची खतावणी खाली काढली.

आमची कांदा-बटाट्याची अडत होती. बेळगावचा बटाटा तेव्हा लोंढा, कॅसलरॉक, कुळें करत रेल्वेनं मडगावला जायचा. १९५४-५५ला सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि पुढं ती गाडीही थांबली. खतावणीत ‘मडगांव खातें’ असं एक पान आहे. नावेच्या, म्हणजे येणं असलेल्या बाजूला ओळीनं रकमा, जमेची बाजू कोरी. पुढच्या वर्षीच्या वहीत ‘मागील बाकी’ म्हणून तीच रक्कम ओढलेली. त्याच्या पुढच्याही. शाई बदलते, अक्षर हळूहळू थरथरतं होत जातं, रक्कम तीच.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं काय केलं? हॉलंडहून बटाटे आणले, पाकिस्तानातून तांदूळ, सिलोनहून चहा, जपानहून सिमेंट. पोर्तुगीज हलले नाहीत. आमचं गिऱ्हाईक मात्र कायमचं गेलं.

मला नेहरूंचा आदर्श खोटा वाटत नाही. तोफा न लावता वसाहत सोडवून दाखवायची ही इच्छा मोठीच होती. पण त्या सबुरीची किंमत दिल्लीनं मोजली नाही, सीमेवरच्या माणसांनी मोजली. धोरण बरोबर होतं की चूक हे ठरवताना ती किंमत कुणी मांडतच नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर लिहा. गोव्याचंच पाहिजे असं नाही.

खानापूरचा
आमच्या आज्ज्याला अनमोड, कणकुंबी, चोर्ला सगळ्या पायवाटा पाठ होत्या. इकडं मुंबई राज्यात दारूबंदी, तिकडं दारू, घड्याळं, ब्लेडची पाकिटं सगळं स्वस्त. रात्रीची माणसं डोईवरून आणायची. नाकेबंदी झाली म्हणून पोटं थांबत्यात होय? उलट भाव चढला. जो पकडला गेला त्याच्या घरचे हाल कुत्रं खात नव्हतं. सविस्तर लिहितो नंतर, धार काढायची हाय.

शहापुरी अक्का
माझ्या आईचं माहेर गोव्यातलं सांगे. लग्न ५३ सालचं. सासरी आली आणि वर्षा-दोन वर्षांत सीमाच बंद. आजोबा वारले ते तिला ओळखीच्या माणसाच्या निरोपानं कळलं, तेही उशिरा. परवान्यासाठी अर्ज केला तर त्या कचेरीत रोज नवा कागद मागायचे. परवाना हातात आला तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मग गेलीच नाही. नंतर गोवा मोकळा झाल्यावर मला कडेवर घेऊन पहिल्यांदा माहेरी गेली, आणि मामी सांगायच्या की ती आधी विहिरीवर जाऊन बसली, घरात शिरेना.

पण आमच्या सोप्यात नेहरूंचा फोटो होता आणि तो आईनंच लावलेला. ६४च्या मे महिन्यात ते गेले त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. मला दोन्ही आठवतं आणि दोन्ही खरं आहे. साखरपुड्यातल्या त्या पोरांना हे कसं समजवायचं?

रविवारपेठ
अक्का, वाचून गलबललो. लिहिलंत ते फार बरं केलंत.

निपाणीकर
मी इतिहास शिकवत होतो, म्हणून थोडं लांबेल. चौदा वर्षं ‘वाया’ गेली हे मला मान्य नाही. १९५४ला दादरा-नगर हवेली सुटली, पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६०च्या एप्रिलमध्ये निकाल लागला आणि त्या भागात सैन्य न्यायला वाट नाकारण्याचा भारताचा हक्क न्यायालयानं मानला. १९६१च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद झाली. तिथं आफ्रिकेतले पुढारी नेहरूंना उघड सांगत होते की आता गोव्यात हात घाला, म्हणजे अंगोला-मोझांबिकलाही बळ येईल. डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आला तेव्हा अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन आपल्यावर तुटून पडले. बाजूनं सात मतं, विरोधात चार. त्या चारांत रशियाबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. ही तीन मतं सबुरीनं कमावलेली होती.

आणि दुसरी बाजूही सांगतो. ठराव पडला तो रशियाच्या नकाराधिकारामुळं. १९५६ला सुएझ कालव्यासाठी ब्रिटन-फ्रान्सनं इजिप्तवर हल्ला केला तेव्हा नेहरू तत्काळ बोलले, त्याच वेळी हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा मात्र चाचरले. मोठं तत्त्व सांगणाऱ्याची जीभ तिथं अडखळली ती मैत्रीपोटी. विद्यार्थी विचारायचे, सर मग तत्त्व कुठं गेलं? मी त्यांना सांगायचो, दोन्ही भाषणं शेजारी ठेवून वाचा.

फौजीचा मुलगा
सर उत्तम. एक भर. ऑपरेशन विजयचा, म्हणजे ६१च्या गोव्यातल्या लष्करी कारवाईचा मुख्य जोर आपल्या बेळगावातून. जनरल कँडेथ यांची १७ डिव्हिजन इथूनच अनमोडच्या वाटेनं उतरली, पॅराची ब्रिगेड उत्तरेकडून. बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवणारी हंटर विमानं इथल्याच सांबऱ्याच्या विमानतळावरून उडाली. १८ला पहाटे सुरुवात, १९ला संध्याकाळी शरणागती. आपले २२ जवान गेले.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९८७ला राजीव गांधींनी श्रीलंकेशी करार केला, हेतू चांगला, तमिळांना न्याय मिळावा आणि शेजार शांत व्हावा. शांतिसेना म्हणून गेले आणि ज्यांच्यासाठी गेले त्यांच्याशीच लढाई लागली. १९९०च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १२०० जवान गेलेले. मद्रासला उतरले तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. वडील जाफन्याबद्दल घरात बोलत नसत. फक्त रस्त्यात नवीन खणलेली माती दिसली की सायकलवरून उतरून बाजूनं चालत जायचे. सुरुंग. रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी.

करारावर सही करणाऱ्यांनी ही माती धरली होती का हिशेबात?

सांबऱ्याचा
आमच्या गावची म्हातारी माणसं त्या विमानांचं अजून सांगतात. आवाजानं म्हशींनी दावी तोडलेली म्हणे 🙂 तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

फौजीचा मुलगा
गेले ते २०१९ला. पण नमस्कार पोचला.

सांबऱ्याचा
🙏🙏

कंग्राळीवाला
गोव्याला चौदा वर्षं लागली म्हणून रडताय. आम्ही १ नोव्हेंबर १९५६ पासून महाराष्ट्रात जायची वाट बघत बसलोय. सीमाप्रश्नावर महाजन आयोग झाला, २००४ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, तारीख पे तारीख. परदेशातल्या माणसांच्या स्वातंत्र्याची काळजी होती, मग भाषावार प्रांत करताना बेळगावच्या माणसाची का नव्हती?

रविवारपेठ
दादा, ते दुखणं माझ्याही घरचं आहे. पण त्यावर इथं सुरू झालं की दुसरं काही उरत नाही. वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन.

कंग्राळीवाला
बरं. रागात लिहिलं. पण खरं लिहिलं.

गोंयची सून
मी माहेरची टिळकवाडीची, आता फोंड्यात. इकडं सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं: गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र होतं, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो चालवायचे. आधी आंबोलीच्या जंगलात, मग कॅसलरॉककडं. १९५५ ते ६१ रोज. सासूबाईंच्या घरी रेडिओ गोधडीखाली घेऊन ऐकायचे, बाहेर आवाज गेला तर पकडून नेतील म्हणून. मुक्तीच्या दिवशी तेच दोघं विमानातून लाउडस्पीकरवर सांगत फिरले. नेहरू थांबलेले असताना जंगलात जळवा चावून घेत बसणारी ही माणसं होती, हे शाळेत कुणी शिकवलं नाही आम्हाला. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ला, शंभरी झाल्यावर.

बाय द वे चोर्ल्याचा रस्ता आता कसा आहे? पुढच्या आठवड्यात माहेरी यायचंय, गाडीत लहान बाळ आहे.

खानापूरचा
पाऊस नसला तर चोर्ला, पण रात्री नको. मिस्टरांना सांगा धुक्यात घाई करू नका म्हणावं. येताना काजू आणा, जाताना मांडे न्या.

गोंयची सून
मांडे कुठले चांगले सध्या? आई आहे तोवर घरचेच खाल्ले, आता ते नाहीत.

शहापुरी अक्का
शहापुरात ये बाळा, मी करून देते. परातीभर करायचे तर एकटीनं कंटाळा येतो, कुणी खाणारं असलं की हात चालतो. नंबर मेसेजमध्ये टाकते.

उद्यमबाग
सगळे जुनं लिहायल्यात, मी आजचं लिहितो. आमचं मशीन शॉप, फाउंड्रीकडून आलेल्या कास्टिंगवर काम करून द्यायचं. तो माल पुढं अमेरिकेला. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्यातले २५ टक्के रशियाचं तेल घेतो म्हणून. तिकडच्या गिऱ्हाइकानं ‘थांबा’ असा मेल टाकला आणि आमची दुसरी पाळी बंद. तेल कुणाकडनं घ्यायचं ते आम्ही ठरवणार, हा सरकारचा बाणा मला मनापासून पटतो. आपण कुणाचे मिंधे नाही. पण सेटिंग करणाऱ्या पोराला घरी बसवताना मी त्याला काय सांगू, देशाचा बाणा आहे म्हणून? त्याच्या घरी नुकतं लेकरू झालेलं. सवलतीच्या तेलाचा फायदा ज्यांना झाला त्यांच्यातला थोडा तरी वाटा अशा शॉपकडं वळवायला काय हरकत होती? तेवढंच म्हणणं आहे. बाणा पाहिजे, पण त्याचं बिल वाटून घ्या.

रविवारपेठ
मला जे नीट मांडता आलं नाही ते तुम्ही मांडलंत. तो मुलगा परत आला का कामावर?

उद्यमबाग
नाही. हुबळीला लागला दुसरीकडं. चांगला हात होता त्याचा.

चिकोडीची मास्तरीण
उसाचंही तसंच ओ. देशात साखर महागू नये म्हणून २०२२पासून निर्यातीवर बंधनं आली, बाहेर भाव होता तेव्हा कारखान्यांना मोकळेपणी विकता आली नाही. आमच्याकडं अथणी, रायबाग, चिकोडी सगळा ऊसच. शेजारी देशांना मदत म्हणून कधी कांदा, कधी तांदूळ द्यायचा तेही सरकार ठरवतं. द्यावा, मी नाही म्हणत नाही. पण बांधावर येऊन कुणी विचारत नाही. पेपर तपासायचे आहेत, पळते.

निपाणीकर
मास्तरीणबाई, आमच्या तंबाखूचंही वेगळं पुराण आहे, उद्या लिहितो.

रविवारपेठ, एक सुचवू? ती खतावणी नीट फोटो काढून ठेवा, सगळी पानं. पुस्तकांत ठराव आणि भाषणं सापडतात, अडत्याची बाकी सापडत नाही. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, त्यानंतर सरकारनं सामूहिक सत्याग्रह थांबवला. त्या आठवड्यातल्या नोंदी काय आहेत बघाल का? सत्याग्रहींना शिधा बऱ्याच पेढ्यांनी दिला होता असं माझे वडील सांगायचे.

रविवारपेठ
आत्ताच बघितलं सर. श्रावणाचं पान आहे. ‘सत्याग्रही मंडळी, बटाटे दोन पोती, कांदे एक पोतं, धर्मादाय.’ हे मला माहीतच नव्हतं. उजेडात फोटो काढून टाकतो.

खानापूरचा
झाली धार. मोठं लिहितो म्हटलेलं, पण लाईट गेली आमच्याकडं आणि चार्जिंग कमी आहे. आज्ज्याचं उद्या.